खरखर, शांतता आणि समुद्र : डिजिटल रेडिओची आपल्याकडची गोष्ट



गेल्या महिन्यात पुतण्या गाडी घेऊन रत्नागिरीला आला होता. भाट्याच्या पुलावरून जाताना मला म्हणाला, "काका, या रेडिओत एफएमच्या शेजारी डीआरएम असं लिहिलंय, ते काय असतं?" गाडी घेऊन त्याला वर्ष झालं होतं. मी म्हटलं, दाबून बघ. त्याने दाबलं. पडद्यावर काहीतरी शोधत असल्याची खूण फिरत राहिली, आवाज मात्र आला नाही. खरखरसुद्धा नाही. आज मी जे बोलणार आहे ते या शांततेबद्दल.

आमच्या लहानपणी रेडिओ कधी असा गप्प बसत नसे. (रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची, हे तरुण मंडळींना सांगून खरं वाटत नाही.) रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावलं की आवाज लाटेसारखा यायचा. जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच दुसऱ्याच भाषेतला कोणी बोलून जायचा. गाण्याचे गेलेले शब्द आम्ही मनाने भरून काढायचो. लाइबनित्स या जर्मन तत्त्वज्ञाचं एक तत्त्व आहे की निसर्ग उड्या मारत नाही, सगळे बदल पायरीपायरीने होतात. ॲनालॉग रेडिओ त्या तत्त्वाला धरून वागायचा. केंद्र लांब गेलं की आवाज हळूहळू मळत जायचा, पण अर्थ शेवटपर्यंत हाती लागायचा. डिजिटल रेडिओ मात्र उडी मारतो. आवाजाचे आकडे करून पाठवायचे आणि घेणाऱ्या संचाने ते जुळवायचे. जुळले तर स्वच्छ, नाही तर काहीच नाही. मधली मळकी जागा त्यात फार थोडी असते.

मग हे केलंच कशाला? कारणं चांगली होती. डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंदियाल, या संघटनेची स्थापना १९९८ साली चीनमधल्या ग्वांगजौला झाली आणि २००३ मध्ये जिनिव्हात तिचं नियमित प्रसारण सुरू झालं. विचार असा होता की शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हच्या जुन्या लहरी टाकून न देता त्यांच्यावरूनच डिजिटल आवाज पाठवायचा. वीज कमी लागते, एका जागेत एकाहून जास्त कार्यक्रम बसतात, सोबत अक्षरंही पाठवता येतात. आपल्यासारख्या पसरलेल्या देशाला हे पटण्यासारखंच होतं. एक मोठं मीडियम वेव्ह केंद्र शेकडो किलोमीटर जातं. एफएमला डोंगर आडवा आला की संपलं, आणि कोकणात डोंगर आडवा येत नाही अशी जागा दाखवा.

या सगळ्या गोष्टीत २००९ हे साल मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी तीन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही, पण मी त्या शेजारी ठेवून बघतो.

जानेवारीत आकाशवाणीने दिल्लीजवळच्या खामपूरहून शॉर्टवेव्हवर डीआरएम प्रसारण सुरू केलं.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा थांबली. हा उपग्रहावरचा डिजिटल रेडिओ होता. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी तो आफ्रिका आणि आशियासाठी उभा केला. २००० साली सोडलेला एशियास्टार उपग्रह आपल्याकडे ऐकू यायचा. त्यावर मराठीसाठी ‘सुरभि’ नावाची वाहिनी होती आणि हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची ‘गंधर्व’. माझ्या एका स्नेह्यांकडे तो हातात धरण्याजोगा संच होता. वहीच्या आकाराचा चपटा ॲन्टेना आग्नेयेकडे, आकाशात साधारण अर्ध्या उंचीवर रोखून ठेवायचा. आमच्याकडे त्या दिशेला नेमका फणस. त्यामुळे भीमसेन ऐकायचे तर गच्चीत जावं लागायचं, आणि आम्ही जायचो. चालत्या गाडीत मात्र हा रेडिओ आपल्याकडे पोचला नाही. उंच इमारती-झाडांमागे उपग्रह दिसत नाही. तिथे जमिनीवर पूरक प्रक्षेपक लागतात, आणि त्यासाठी लागणारं सरकारी धोरण कधी आलंच नाही. पैसे भरून ऐकणारे जगातले बहुतेक लोक भारतातले होते, तरी कंपनीचं दिवाळं निघालं. एका दिवसात सगळे संच मुके झाले. जुना ट्रान्झिस्टर केंद्र बंद पडलं तर दुसरीकडे फिरवता येतो, हा तेवढाही राहिला नाही.

तिसरी घटना ११ नोव्हेंबरची, फयान वादळाची. रत्नागिरीकरांना ती वेगळी सांगायला नको. होड्या समुद्रात होत्या आणि काही परत आल्या नाहीत.

किनारा मागे पडला की मोबाईलच्या रेघा एकेक करून जातात. एफएम क्षितिजापाशी अडतं. मीडियम वेव्हचं तसं नाही. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे या लहरी जमिनीपेक्षा समुद्रावरून कितीतरी लांब सरकतात. ११४३ किलोहर्ट्झवरच्या आपल्या रत्नागिरी केंद्राला ही देणगी समुद्राने फुकट दिली होती. तांडेलाकडे दोन सेलवर आठवडेच्या आठवडे चालणारा संच असला की भागायचं. म्हणून डीआरएममधली एक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. आणीबाणीचा इशारा सुटला की दुसरं केंद्र लावलेला संचसुद्धा आपोआप त्या इशाऱ्याकडे वळू शकतो. कागदावर पाहिलं तर हे जणू कोकणच्या मच्छीमारासाठीच बनवलंय.

पण संच कुठे होता? आकाशवाणीने पुढच्या काही वर्षांत ३५ मीडियम वेव्ह प्रक्षेपक डीआरएमसाठी उभे केले. पाठवणारी बाजू तयार झाली. एव्हियन या भारतीय कंपनीने हातातला संचही काढला. पण आकडे जुळवायला चिप लागते, चिपला वीज लागते, आणि किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट. गाडीत या दोन्ही अडचणी नाहीशा होतात. बॅटरी मोठी असते आणि लाखोंच्या किमतीत रेडिओचे हजार कुठे दिसतात? म्हणून मारुती, ह्युंदाई, महिंद्राच्या गाड्यांत डीआरएम बसून आलं. मागून घेतलेलं नव्हे, आपोआप आलेलं. माझ्या पुतण्यासारख्या लाखो लोकांकडे तो रेडिओ आहे आणि त्यांना तो ठाऊक नाही. ज्याला हवा होता तो मात्र होडीत बसलेला. दरम्यान देशभरातले बरेच जुने मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंदही झाले. माझा राग तंत्रावर नाही. हिशेबात ऐकणारा शेवटी धरला गेला, त्यावर आहे.

हे फक्त आपलंच नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम एकेका भागातून बंद केलं आणि डॅब या दुसऱ्या डिजिटल पद्धतीवर गेले. तिथेही डोंगर, खाड्या, मासेमारी, आणि तिथेही मोठी ओरड झाली ती जुन्या गाड्यांवरून. फरक इतकाच की त्यांनी आधी खोऱ्याखोऱ्यांत प्रक्षेपक उभे केले आणि छोट्या स्थानिक केंद्रांना एफएमवर राहू दिलं. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींत डिजिटल रेडिओ सक्तीचा आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये ट्रायने खासगी डिजिटल रेडिओबद्दल मतं मागवली, तो विचार सुरू होतो तेरा मोठ्या शहरांपासून. महाराष्ट्रातली त्यात तीन, मुंबई, पुणे आणि नागपूर. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल.

आता प्रश्नोत्तरं. पण त्याआधी माझाच एक प्रश्न. मिरकरवाड्यातून कोणी आलं असेल, तर आज होडीवर ऐकायला काय असतं आणि ते किती लांबपर्यंत चालतं, हे मला सांगा. माझी माहिती या बाबतीत जुनी झालीये.