काम दिसतं, पण मिळतं कसं?

मागच्या वर्षी नोकरी सोडून मी कन्सल्टिंग करायचं ठरवलं. पहिला महिनाभर रोज रात्री एका साइटवर प्रपोजल्स पाठवत होतो. एकाचंही उत्तर नाही. रेट कमी केला, मग अजून कमी केला, तरी शांतता. आई फोनवर विचारायची, "लागलं का रे काही?" शेवटी इंजिनिअरची खोड! बग शोधावा तसा मी मागे मागे गेलो: लोक ऑनलाइन काम शोधायला लागले तरी कसे?

वेब यायच्या आधीपासून सुरुवात आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूजनेटची कल्पना सुचली. पुढे त्यावर चर्चेचे ढीगभर गट झाले. त्यात 'मिस्क.जॉब्स.कॉन्ट्रॅक्ट' हा गट खास कंत्राटी कामांचा. पण गंमत बघा, त्याच नेटवर्कवर बाकीच्या गटांत लोक युनिक्सच्या, सी लँग्वेजच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, खाली आपलं नाव आणि ईमेल लिहून. म्हणजे काम एका गटात आणि माणसाची पारख दुसऱ्या गटात, पण दोन्ही एकाच ठिकाणी.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमुळे. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानींनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं, तेही वर्तमानपत्रांतल्या जाहिराती गोळा करून. 'काम कुठे आहे?' हा प्रश्न सुटला. पण नोकरीत इंटरव्ह्यू असतो, प्रोबेशन असतं. कन्सल्टंटचं तसं नाही. समोरच्याला पहिल्याच दिवशी ठरवायचं असतं, या अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा का?

हा दुसरा प्रश्न घेऊन १९९९ मध्ये ईलान्स आलं. त्याचे एक संस्थापक बीरुद शेठ आपल्या पवईच्या आयआयटीचे. तिथे उत्तर होतं रेटिंग. आधीच्या ग्राहकांनी स्टार दिले, तर नवा ग्राहक येणार. मग २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी ओडेस्क काढलं. त्यांचं उत्तर होतं थेट पुरावा: तासावर काम करणाऱ्याच्या स्क्रीनचे अधूनमधून फोटो! पुढे या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि २०१५ मध्ये अपवर्क हे नाव आलं.

पण ज्याच्याकडे एकही स्टार नाही, त्याने काय करायचं? माझा बग इथेच होता. मी रेट कमी करत होतो, आणि अडचण रेटची नव्हतीच.

याचं उत्तर मला इंटरनेटच्याही आधीच्या काळात सापडलं. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे कधीतरी किंवा क्वचितच भेटणारे. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतं. लांबची ओळख नवी बातमी आणते. २००३ मध्येच सुरू झालेल्या लिंक्डइनने नेमकी हीच लांबची ओळख स्क्रीनवर दाखवली.

मग मी प्रपोजल्स थांबवली आणि यादी केली: गेल्या काही वर्षांत आपण ऑनलाइन कोणाकोणाला मदत केली? दोन वर्षांपूर्वी एकाची डेटाबेसची अडचण सोडवली होती. त्याला साधा मेसेज टाकला, "आता स्वतंत्र काम करतो." त्याच्याकडे काम नव्हतं. पण त्याच्या जुन्या मॅनेजरकडे होतं.

रक्कम छोटीच होती. पण आईला सांगता आलं, "लागलं गं!"

तुम्ही शोधत असाल तर अशी यादी आज रात्रीच करा. भेटू पुढच्या भागात!