दख्खनच्या पठारावरील गुरुत्वमापन : एक ऐतिहासिक आढावा

पृथ्वीचे गुरुत्व सर्वत्र सारखे नाही. गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. परिवलन व ध्रुवांचा चपटेपणा ही त्याची मुख्य कारणे होत. उंचीबरोबर ते घटते. म्हणूनच अहिल्यानगरलगतच्या नागापुरात ते त्याच अक्षांशावरील कोकणकिनाऱ्याहून किंचित कमी भरते. १६७२ मध्ये रिशेचे पॅरिसमध्ये जुळविलेले लंबकाचे घड्याळ केयेन येथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडले, तेव्हा हा भेद प्रथम लक्षात आला.

भारतात हा प्रश्न भूमापनातून पुढे आला. १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे कार्य एव्हरेस्टने पुढे नेले. कल्याणपूर व कलियाना या स्थानांमधील अक्षांशीय अंतर खगोलीय वेधांनी आणि त्रिकोणमापनाने काढले असता ५.२३६ विकलांचा फरक आला. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळला असावा, असे मानून प्रॅटने गणित केले. तेव्हा अपेक्षित फरक १५ विकलांहून अधिक निघाला. पर्वताचे आकर्षण अपेक्षेहून कमी का, याचे उत्तर एअरीने १८५५ मध्ये दिले : पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात. १८६५ पासून लंबकाने देशभर गुरुत्व मोजणाऱ्या बसेवीलाही हिमालयात गुरुत्वाची तूट आढळली. याच कामात १८७१ मध्ये लडाखमध्ये त्याचा अंत झाला.

दख्खनमध्ये या पद्धतीचे मोल विशेष आहे, कारण येथील प्राचीन भूस्तर बेसाल्टच्या थरांखाली झाकलेले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने त्यांच्या अभ्यासाची निकड स्पष्ट केली. कोयना व कुर्डुवाडी परिसरातील गुरुत्वन्यूनतेवरून कृष्णब्रह्मम् व नेगी यांनी १९७३ मध्ये बेसाल्टखाली खचदऱ्या असल्याचे अनुमान मांडले. पुढे त्यावर मतभेद झाले. कारण एकाच गुरुत्वमूल्याला अनेक भूरचना जुळू शकतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे घेतलेल्या विंधनछिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर आढळली. असा प्रत्यक्ष पुरावा लाभला म्हणजेच गुरुत्वावरील अनुमानाची परीक्षा होते.

सर्वेक्षकांनी जी विसंगती मापनातील दोष मानली, तीच कालांतराने भूगर्भाच्या ज्ञानाचे साधन ठरली. मात्र त्या साधनाची मर्यादा ओळखणे, हाही या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा धडा होय.