उमेदवारी : एका शब्दाचा आणि अनेक पिढ्यांचा इतिहास

उमेदवार हा शब्द आज निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कानांवर आदळतो. आपल्या पणजोबांच्या काळी त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ निराळा होता. मामलेदार कचेरीत वेळेवर येऊन बसणारा, दप्तरे बांधणारा-सोडणारा, नकला उतरून देणारा आणि महिनाअखेर रिकाम्या हाताने घरी जाणारा जो तरुण, तो उमेदवार. उमेद म्हणजे आशा. कोणी पेन्शनीत निघेल, कोणाची बदली होईल, कोणी देवाघरी जाईल (हेही मनात येतच असले पाहिजे), आणि मग आपले नाव पगारपत्रकावर चढेल, या आशेवर तो राबत असे. शाळा सुटल्यापासून कायमची जागा मिळेपर्यंतच्या या मधल्या काळाचा इतिहास कोणी सलग लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. राजांच्या लढायांइतका तो रंगतदार नाही हे खरे; पण आपल्यापैकी फारच थोड्या घरांना तो चुकला असेल.

तरुणांना नोकरीचा हव्यास फार, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तो हव्यास लावला कोणी, हे मात्र विचारले जात नाही. ऑक्टोबर १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी ठराव काढला, की सरकारी नोकऱ्यांत नव्या विद्यालयांतून शिकून निघालेल्यांना आधी घ्यावे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने त्याचीच री ओढली आणि खालच्या जागांवरही लिहिता-वाचता येणाऱ्याला पसंती द्यावी असे सांगितले. त्याच वर्षी पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तोही सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. १८५७ त मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. शाळेचे दार कचेरीच्या अंगणात उघडते, ही समजूत लोकांनी आपल्या डोक्यातून काढली नव्हती. ती सरकारनेच शिकवली होती.

त्या दारापाशी काय घडे, याचे एक चित्र धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्ता'त आहे. १८७५ च्या सुमारास मुरूडचा हा मुलगा सरकारी नोकरीला उपयोगी पडणारी परीक्षा देण्यासाठी साताऱ्याला निघाला. पावसाचे दिवस. सोबत्यांसह शंभराहून अधिक मैलांची वाट, सह्याद्री चढून, पायी. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्या मंडळींनी त्याच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून त्याला बसूच दिले नाही. सतरा तर पूर्ण झाली होती. जवळचा दाखला कामास आला नाही. अंगाची ठेवण लहान, हाच पुरावा ठरला! विद्येची कसोटी पुढेच राहिली. आम्हांला ही हकिकत वाचताना त्या परीक्षकांचा रागही पुरता येत नाही. अर्ज फार आणि जागा थोड्या असल्या, की कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी निमित्त लागते, आणि निमित्त हाताशी सापडतेच.

कर्वे त्यानंतर १८८१ त मॅट्रिक आणि १८८४ त गणित घेऊन बी. ए. झाले. म्हणून तरी चिंता मिटली काय? पुढली काही वर्षे मुंबईत एकीपेक्षा अधिक शाळांत तास घेणे आणि उरल्या वेळात खासगी शिकवण्या, असाच त्यांचा क्रम होता. १८९१ त फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यास ते आले, तेव्हा कोठे पाय टेकले. पदवी आणि स्थैर्य यांच्यात सात वर्षे. आणि त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते असे आपण समजतो!

जोतीराव फुले यांनी १८८२ त हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात या दुखण्याची नाडी अचूक सापडते. पदवीधर फार झाले अशी कुरकूर तेव्हाच सुरू झाली होती. फुल्यांनी ती मानली नाही. देशाच्या मानाने शिकलेले फार थोडे आहेत, ते शतपटीने वाढावेत आणि नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त, कमाईच्या धंद्यांत शिरावेत, असे त्यांचे म्हणणे. दिले जाणारे शिक्षण व्यवहाराच्या कामाचे नाही, हा त्यांचा खरा आक्षेप. पुढे १८८७ त मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण एवढ्या मोठ्या इलाख्याला अशा एका संस्थेने किती पुरे पडावे?

बिनपगारी वाट पाहायलाही भांडवल लागते, ही गोष्ट उपदेशक विसरतात. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे आणि कचेरीत मामा-काका आहेत, तो तीन वर्षे उमेदवारी करू शकतो. कुणब्याच्या वा महाराच्या पोराने ती कशाच्या बळावर करावी? म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम आम्हांला मोठा वाटतो. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असे त्यांनी ठरवले. रांग कोठून सुरू होते, हेच त्या हुकमाने बदलले.

पुढे मंदी आली. संयुक्त प्रांतात सुशिक्षित बेकारीच्या चौकशीसाठी सप्रू समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९३५ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्यांसाठी १९४५ त निघालेली सेवायोजन कार्यालये पुढे सर्वांना खुली झाली. १९५९ त रिकाम्या जागा कळवण्याचा आणि १९६१ त शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कायद्याच्या मराठी नावातही तो जुना शब्द तसाच राहिला, हे आम्हांला सूचक वाटते. नाव नोंदवले, कार्ड मिळाले, आणि कार्ड घेऊन बसण्यात तारुण्य गेले, अशी माणसे प्रत्येक गल्लीत होती.

आता कचेरीच्या ओसरीची जागा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांनी घेतली आहे. खेड्यातून बाप पैसे पाठवतो आणि मुलगा लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहतो. सरकारी पाहण्या एक गोष्ट पुनःपुन्हा दाखवतात, की बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा शिकलेल्यांत अधिक आहे. त्याचे एक कारण उघड आहे : निरक्षराला रिकामे बसणे परवडतच नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने युवा कार्यप्रशिक्षण योजना चालू केली. बारावी झालेल्यास महिना ६,०००, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवून अकरा करावी लागली. कारण जुन्या उमेदवाराप्रमाणे या मुलांनीही कचेरीतले काम शिकून घेतले, आणि ते आले की मग आम्हांला कायम करा, असे म्हणू लागली.