महासाथीचे निर्बंध आणि गोल्फ मैदाने (पुणे)

कोविड-१९ च्या काळात पुण्यातील गोल्फ मैदान कायद्याने खुले ठेवता येत होते का, याचे उत्तर तारखेगणिक बदलत गेले. गोल्फपुरता वेगळा कायदा नव्हता. निर्बंधांचा आधार होता साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. यांतला पहिला प्लेगच्या साथीतला; त्या साथीत प्लेग अधिकारी रँडच्या घरोघरच्या झडत्या सोसलेल्या पुण्याला त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही.

२४ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशानुसार ज्याला सूट नाही ते बंद. त्यामुळे येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ मैदानासारखी विस्तीर्ण, मोकळी जागाही खेळासाठी बंदच ठरत होती. आदेश मोडल्यास भारतीय दंड संहितेचे कलम १८८, शिवाय आपत्ती अधिनियमाच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद. जूनमध्ये राज्याचे ‘पुनश्च हरिओम’, म्हणजे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करणे, सुरू झाले. पहाटे पाच ते संध्याकाळी सातपर्यंत चालणे, धावणे, सायकल यांना मुभा मिळाली. गोल्फचा मात्र उल्लेख नव्हता.

तो आला २९ जुलैच्या आदेशात. ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी देताना राज्याने गोल्फ, खुली फायरिंग रेंज, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, मैदानी बॅडमिंटन आणि मल्लखांब एकाच ओळीत बसवले. अट शारीरिक अंतराची आणि स्वच्छतेची. जलतरण तलाव बंदच. खेळ सांघिक आहे की नाही, ही कसोटी योग्यच होती, पण ती दोन महिने आधी लावता आली असती. बंद मैदानाची झळ सभासदापेक्षा कॅडीला, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला, जास्त बसते. त्याची कमाई फेरीवर. फेरी नाही तर पैसा नाही. त्या ओळीत खेळांची नावे आली, कॅडीच्या रोजीचा विचार मात्र आला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांखाली पुन्हा कुलूप लागले. ४ जूनच्या आदेशाने बाधितांचे प्रमाण आणि व्यापलेल्या ऑक्सिजन खाटा पाहून जिल्हे-शहरांचे पाच स्तर केले. मैदानी खेळांची मुभा स्तरावर ठरू लागली. इतरत्रही एकमत नव्हते: जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडने गोल्फ मैदाने बंद केली, स्कॉटलंडने मर्यादित खेळ चालू ठेवला.

राज्यातील निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले.