फुटलेले वायुकोश: वडीगोद्री ते जालना

ही कुणा एका बाळाची हकीकत नाही. फुफ्फुसातले वायुकोश फुटून छातीत हवा कोंडण्याचा घात कमी दिवसांच्या बाळांवर ज्या क्रमाने येतो, तो वडीगोद्री-जालना रस्त्यावर मांडला आहे.

48 तास आधी. 31 वा आठवडा. पाठ भरून येते, पोटात बारीक कळ. घरात म्हणतात, "मोळ्या उचलल्यात, दुखणारच. पडून राहा." माझ्या मते सगळा खेळ याच तासाचा. डेक्सामेथासोनचं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, 12 तासांच्या अंतराने चार वेळा, आईला दिलं की पोटातल्या बाळाची फुफ्फुसं लवकर पिकतात. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस उपकेंद्रातली सिस्टरही देऊ शकते. केंद्र सरकारने 2014 मध्येच तशी मुभा दिली. पण त्यासाठी बाई दुखणं अंगावर न काढता तिथवर पोचायला हवी.

18 तास आधी. आरोग्य केंद्रात प्रसूती. वजन 1,400 ग्रॅम. बाळ रडत नाही, कण्हतं. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात. वायुकोश उघडे ठेवणारं सरफॅक्टंट अजून पुरेसं तयार झालेलं नाही. 1963 मध्ये याच कमतरतेच्या आजाराने अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा 39 तासांत गेला. तेव्हा सरफॅक्टंट औषध म्हणून मिळत नव्हतं. इथे केंद्रात बाळाच्या श्वासासाठी बॅग दाबावीच लागते, आणि घाबरलेला हात थोडा जास्तच दाबतो.

16 तास आधी. 108 ची रुग्णवाहिका अंबडमार्गे जालन्याकडे.

12 तास आधी. जालन्याच्या रुग्णालयात नाकातून सतत दाबाने हवा देणारं सीपॅप, नळीतून सरफॅक्टंट. काही वायुकोश उघडतात, काही चिकटलेलेच. हवा उघड्यांतच घुसते आणि त्यांना फाजील ताणते.

1 तास आधी. एक भिंत फाटते. हवा रक्तवाहिन्यांच्या कडेने सरकते. ऑक्सिजन 40 टक्क्यांवरून 55 वर न्यावा लागतो, एवढाच काय तो इशारा.

शून्य. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचे 92 चे 60 होतात, नाडी मंदावते. छातीची उजवी बाजू फुगलेली, हृदयाचे ठोके डावीकडे ढकललेले. दिवे मालवून छातीला टॉर्च लावतात. उजवी बाजू लालसर उजळते. तिथे हवा कोंडली आहे. एक्स-रेची वाट पाहायला वेळ नाही. बरगड्यांमधून बारीक सुई जाते, सिरिंजमध्ये हवा येते, आकडा 70, मग 85. त्यानंतर छातीत नळी.

एवढ्या चढउतारात मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. म्हणून डोक्याची सोनोग्राफी होईपर्यंत डॉक्टर आईला "धोका टळला" असं म्हणत नाहीत.