अत्तराच्या कुपीचे वय कसे ओळखावे? काच, बूच आणि बदलत गेलेला पत्ता

१/
समजा, तिरोड्यातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा आवरताना काचेची एक छोटी कुपी हाती आली. आत तळाशी तपकिरी थर, बुचाला अजून मंद वास आणि अर्ध्या फाटलेल्या कागदावर ‘नागपूर, म. प्र.’ एवढीच अक्षरे. ही कुपी किती जुनी? ‘शंभर वर्षांची असेल’ हे उत्तर ऐकायला छान वाटते. पण इतिहासाला पुरावा लागतो. आणि इथे पुरावा त्या फाटक्या कागदावरच आहे.

२/
नागपूर आज महाराष्ट्रात आहे, तरी कुपीवर ‘म. प्र.’ कसे? १८६१ साली स्थापन झालेला मध्य प्रांत, म्हणजे ‘सी. पी.’, याची राजधानी नागपूर होती. १९०३ पासून वऱ्हाडही त्याच्या प्रशासनाला जोडले गेले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली तेव्हा या प्रांताचे नाव ‘मध्य प्रदेश’ होते आणि राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

३/
म्हणजेच ‘नागपूर, म. प्र.’ हा पत्ता अधिकृतपणे जेमतेम सात वर्षे अस्तित्वात होता. ‘सी. पी.’ लिहिलेली चिठ्ठी साधारणतः त्याआधीची आणि ‘मुंबई राज्य’ लिहिलेली १९५६ ते १९६० या चार वर्षांतली मानावी. खुद्द तिरोड्याचा पत्ता असेल तर आणखी एक खूण मिळते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी तिरोडा भंडारा जिल्ह्यात होते. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

४/
इथे एक नियम लक्षात ठेवावा. अशी खूण ‘याच्या आधीची नाही’ हे खात्रीने सांगते. ‘याच्या नंतरची नाही’ हे तितक्या खात्रीने सांगत नाही. राज्याचे नाव एका रात्रीत बदलते, पण छापून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दुकानदार संपेपर्यंत वापरतो. म्हणून कालखंडाची सुरुवात ठाम धरावी आणि शेवटाला थोडी सैल जागा ठेवावी.

५/
किंमत आणि माप हेही असेच साक्षीदार आहेत. आण्यांत छापलेली किंमत दशमान नाण्यांच्या आधीच्या चलनाची. ती नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. ‘नये पैसे’ हा शब्द १९५७ ते १९६४ या काळातला, कारण पुढे ‘नया’ हे विशेषण वगळले गेले. छापील माप तोळ्यात आहे की ग्रॅममध्ये, हेही पाहावे. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. मात्र अत्तराच्या बाजारात तोळा आजही बोलला जातो, त्यामुळे केवळ ‘तोळा’ या शब्दावरून कुपीला जुनी ठरवू नये.

६/
परदेशी कुप्यांवर देशाचे नाव शोधावे. जुन्या साम्राज्यांच्या पडझडीने बाटल्यांचे पत्तेही बदलले. बोहेमिया हा काचकामासाठी विख्यात प्रदेश १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. त्यामुळे ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे कोरलेली अत्तरकुपी पहिल्या महायुद्धाआधीची असूच शकत नाही. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ ही अक्षरे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातली. तो ताबा १९५२ मध्ये संपला.

७/
आता काचेकडे वळू. साच्यात घडवलेल्या बाटलीच्या अंगावर दोन बाजूंनी सांध्याच्या रेषा दिसतात. तोंडाची कड हाताने, हत्याराने घडवली असेल तर ही रेषा मानेवरच विरते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण स्वयंचलित बाटलीयंत्र तयार केले. यंत्राने केलेल्या बाटलीची रेषा थेट तोंडाच्या कडेवरून जाते. म्हणून पाश्चात्त्य संग्राहकांचा ठोकताळा असा : रेषा मानेवर थांबली तर बाटली जुनी, कडेपर्यंत गेली तर विसाव्या शतकातली.

८/
हाच ठोकताळा भारतात फसवतो. उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेत अत्तराच्या कुप्या हाताने फुंकण्याचे काम यंत्रे आल्यानंतरही चालू राहिले. तळाशी लोखंडी सळई तोडल्याचा खरबरीत डाग पाहून परदेशी पुस्तक ‘एकोणिसावे शतक’ असे सांगेल. प्रत्यक्षात ती कुपी मागच्या पिढीतली असू शकते. हातकामाची खूण घडवण्याची पद्धत सांगते, वर्ष सांगत नाही. उलट, उंची कुप्यांच्या रेषा घासून-चकाकून पुसल्या जात, त्यामुळे रेषा नसणे हाही पुरावा नव्हे.

९/
दुसरा गैरसमज असा की जुनी, सुबक काच म्हणजे विलायतीच. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०८ साली, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याच्या कल्पनेतून हा निधी उभारला आणि तिथे काचकामाचे शिक्षणही दिले गेले. १९१६ साली कराडजवळ ओगले काच कारखाना सुरू झाला. त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे घरोघरी उजेड दिला. खूण नसलेल्या प्रत्येक बाटलीला ‘इंग्लंडची’ म्हणणे म्हणजे या कारागिरांचा इतिहास पुसणे होय.

१०/
सुगंधाचा व्यापारही केवळ पॅरिस-लंडनचा नव्हता. कलकत्त्यात एच. बोस यांचे ‘देलखोश’, मुंबईत अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचे ‘ओटो दिलबहार’ ही नावे जुन्या जाहिरातींत भेटतात. १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी सुरू झाली. तिरोडा तर मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा पट्टा कलकत्त्याच्या बाजाराला जोडला. इथल्या कुपीचा शोध पश्चिमेइतकाच पूर्वेकडेही घ्यायला हवा.

११/
काचेच्या रंगाचा संबंध तर या भागाच्या भूगर्भाशी पोहोचतो. वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट झाक येते; ती घालवण्यासाठी काचकार मँगनीज डायऑक्साइड वापरत. शेजारच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी मँगनीजच्याच आहेत. मँगनीज असलेली रंगहीन काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. मात्र काही विक्रेते कृत्रिम किरणोत्साराने हा रंग गडद करतात. झगझगीत जांभळी कुपी दिसली तर आनंदाआधी संशय यावा.

१२/
बूच नीट तपासावे. जुन्या दर्जेदार कुप्यांत काचेचे बूच त्या-त्या मानेत घासून बसवलेले असे; म्हणून मानेच्या आत आणि बुचाच्या दांड्यावर धुरकट पृष्ठभाग दिसतो. काही फ्रेंच कुप्यांत बूच आणि बाटली या दोहोंवर एकच छोटा क्रमांक कोरलेला आढळतो. क्रमांक जुळत नसेल किंवा बूच मानेत डुगडुगत असेल तर ही जोडी नंतर जमवलेली आहे. प्लॅस्टिकचे बूच असेल तर एक सीमा पक्की : बेकलाइट हे पहिले पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक १९०७ सालचे आहे.

१३/
केवळ आकारावर विसंबणे सर्वांत धोक्याचे. गेरलाँचे ‘शालिमार’ १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पंख्यासारखे बूच असलेल्या कुपीत झळकले; पण ते अत्तर आजही विकले जाते आणि कुपीची ओळखही तीच ठेवली आहे. शिवाय आपल्याकडे कुपी रिकामी झाली तरी टाकली जात नसे. तिच्यात नवे अत्तर, कधी गुलाबपाणी, कधी औषधाचे तेल भरले जाई. त्यामुळे काचेचे वय, चिठ्ठीचे वय आणि आतल्या द्रवाचे वय ही तीन वेगळी उत्तरे असू शकतात.

१४/
म्हणून कुपी सापडताच ती धुवू नये. चिठ्ठी भिजली की पत्ता, किंमत आणि माप एकदमच जातात. उरते ती केवळ काच, आणि काच एकटी फार थोडे सांगते. आधी चारही बाजूंनी, तळाचे आणि बुचाचे छायाचित्र घ्यावे. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कोणत्या वस्तूंसोबत ती मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. मग प्रत्येक खुणेसमोर तिची सर्वांत जुनी शक्य तारीख मांडावी. त्या तारखांतली सर्वांत अलीकडची तारीख म्हणजे कुपी आजच्या रूपात तयार होण्याची आरंभसीमा.

१५/
सुरुवातीच्या कुपीला हाच नियम लावू. काच हाताने फुंकलेली, पण ती खूण वर्ष सांगत नाही. किंमत आण्यांत, म्हणजे दशमान नाण्यांआधीची. पत्ता ‘नागपूर, म. प्र.’. निष्कर्ष : चिठ्ठी १९५० ते १९५६ च्या सुमाराची, काच त्याच काळातली किंवा त्याहून जुनी. शंभर वर्षांचा दावा सिद्ध होत नाही. पण राजधानीचा मान गमावण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या नागपुरातून सुगंध विकत आणणारे एक घर तिच्यामुळे समोर येते. लिलावात अशा कुपीला मोठी किंमत येईलच असे नाही. तिरोड्याच्या इतिहासात मात्र तिला जागा आहे.