वायुबदल, तांत्रिक स्कूबा डायव्हिंगमधील

खोल बुडीतून वर येताना पाणबुड्याने श्वसनाचे वायुमिश्रण टप्प्याटप्प्याने बदलण्याची पद्धत. खोलीवरील दाबामुळे नायट्रोजन व हीलियम ऊतींत विरघळतात. घाईने वर आल्यास त्यांचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, पक्षाघात, प्रसंगी मृत्यू ओढवतो. थांबत थांबत वर येण्याचे शास्त्र जॉन स्कॉट हॉल्डेन व सहकाऱ्यांनी शेळ्यांवरील प्रयोगांतून १९०८ मध्ये मांडले.

श्वासात ऑक्सिजन वाढवला की विरघळलेले वायू लवकर बाहेर पडतात. तळाशी हीलियमयुक्त ट्रायमिक्स, २१ मीटरवर ५० टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन, हा क्रम बराच रूढ आहे. ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १.६ बारपुढे जाऊ नये, यावरून या खोल्या ठरतात. शुद्ध ऑक्सिजन चुकून २१ मीटरवर घेतला, तर तो दाब ३.१ बार होतो. मग बहुधा पूर्वसूचनेशिवाय झटके येतात, तोंडातील रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो.

म्हणूनच वायुबदलाची सवय कडक शिस्तीने अंगी बाणवली जाते. सिलिंडरमधील वायू बुडीपूर्वी तपासून कमाल खोलीचा आकडा त्यावर ठळक लिहितात. बदलताना प्रत्यक्ष खोली पाहायची, आकडा जोडीदाराला दाखवायचा, झडप उघडायची, तिच्यापासून नळीवरून हात फिरवत रेग्युलेटरपर्यंत पोहोचायचे आणि मगच तो तोंडात घ्यायचा. नळीच्या रंगावर भिस्त ठेवणे घातक; अंधाऱ्या गुहेत रंग ओळखूच येत नाही. डायव्ह कॉम्प्युटरमध्येही नवा वायू निवडावा लागतो, नाहीतर थांब्यांचे गणित चुकते.